आईच्या विसरण्यावर ब्राह्मी द्यावी का? आधी तिच्या गोळ्यांची यादी वाचू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत मांडते. आईचं वय 68, शुगर आहे, बीपी आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये, गेल्या सात-आठ महिन्यांत विसरणं वाढलंय, एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारते, गॅस चालू राहून जातो. आणि तुम्हाला हवंय ते हे की ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा आणि गिंको (एका परदेशी झाडाच्या पानांचा अर्क) यातलं नेमकं कोणतं सुरू करू. शिवाय तुम्ही स्वतः 41 चे, कामात लक्ष लागत नाही, तर पुढे आपलंही असं होऊ नये म्हणून आत्तापासून काही घ्यावं का.

मी आयुर्वेदाची वैद्य आहे, 24 वर्षं प्रॅक्टिस करतेय, वनस्पती हा माझा रोजचा विषय आहे. त्यामुळे "झाडपाल्यानं काय होतंय" असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण आईला कोणती वनस्पती द्यायची हा तुमचा पहिला प्रश्न नाहीच, पहिला प्रश्न आहे की आई मुळात कशामुळे विसरतेय. तो सुटल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या आईलाही चमचाभर ब्राह्मी दिली नसती.

तुम्ही गोळ्यांची यादी दिलीत हे फार चांगलं केलंत, खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे. मेटफॉर्मिन नऊ वर्षांपासून. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी. बीपी-हृदयासाठी मेटोप्रोलॉल. रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. आणि रात्री अंगाला खाज येते म्हणून वर्षभरापासून हायड्रॉक्सिझिन. यातल्या दोन-तीन गोष्टींवर मी लगेच बोट ठेवीन.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर शरीरात बी12 कमी होऊ शकतं, हे आता सगळ्यांना माहीत असलेलं आहे, आणि रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीनंही तेच होतं कारण अन्नातलं बी12 सुटं व्हायला पोटातलं ॲसिड लागतं. म्हणजे आईच्या बाबतीत दोन बाजूंनी गळती आहे. बी12 खूप खाली गेलं की माणूस विसरायला लागतो, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, चिडचिड होते, आणि घरच्यांना वाटतं झालं आता वय. वेळेत लक्षात आलं तर हे भरून निघतं, उशीर झाला तर नसांचं नुकसान काही प्रमाणात तसंच राहतं. म्हणून बी12 आणि त्याच्या जोडीला थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, सोडियम, किडनी, लिव्हर आणि तीन महिन्यांची शुगर, एवढ्या रक्ताच्या तपासण्या आधी करून घ्या. थायरॉइड मंद असलं तरी स्मरण मंदावतं, आणि शुगर वारंवार खूप खाली जात असेल तरीही.

दुसरी ती रात्रीची खाजेची गोळी. हायड्रॉक्सिझिन आणि त्या जातीच्या जुन्या सर्दी-खाजेच्या गोळ्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात, आणि आठवण साठवायला हेच रसायन लागतं. अल्झायमरच्या पेशंटला ज्या गोळ्या देतात त्या हेच रसायन टिकवून धरण्यासाठी असतात. ब्राह्मीसुद्धा थोड्या प्रमाणात तेच करते असं प्रयोगात दिसलंय. आता रात्री एका गोळीनं ते अडवायचं आणि सकाळी ब्राह्मीनं ते वाढवायला बघायचं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं झालं. सात-आठ महिन्यांपासूनचं विसरणं आणि वर्षभरापासूनची गोळी, हे वेळापत्रक मला तरी नुसता योगायोग वाटत नाही. अर्थात गोळी मनानं बंद करू नका, ज्यांनी दिलीये त्यांना विचारा की याऐवजी झोप न आणणारी, मेंदूत कमी जाणारी नवीन गोळी चालेल का, आणि मुळात खाज का येतेय (शुगर, कोरडी त्वचा, किडनी) हे बघून घ्या.

तिसरी गोष्ट विचारायची राहू नये म्हणून माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसला पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची. 71 वर्षांचे एक गृहस्थ, महिन्याभरात विसराळू झालेले, दिवसा झोप, बोलणं कमी. मुलगी घेऊन आली होती. मी नाडी पाहिली, प्रकृती विचारली, झोप-भूक-पोट सगळं विचारलं आणि ब्राह्मी घृत (ब्राह्मीत सिद्ध केलेलं तूप) सुरू केलं. पडले होते का, डोक्याला काही लागलं होतं का, हे विचारलंच नाही. पंधरा दिवसांनी मुलगी परत आली, म्हणाली बाबा चालताना एक पाय ओढतायत. तेव्हा विचारलं तर कळलं की दीड-दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरून डोकं भिंतीवर आपटलं होतं, थोडा टेंगूळ आला आणि गेला, कुणी मनावर घेतलं नाही, आणि त्यांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू होती. त्याच दिवशी स्कॅन झाला, कवटीच्या आत मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठत गेलं होतं. ऑपरेशन करून ते काढलं आणि त्यांची स्मरणशक्ती बरीचशी परत आली. पण माझ्या घृताचे ते पंधरा दिवस वाया गेले आणि ते पंधरा दिवस त्यांच्या जिवावर बेतू शकले असते. तेव्हापासून ज्येष्ठ माणसाच्या विसरण्याची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न पडण्याबद्दलचा असतो. तुमच्या आई तर रक्त पातळ करण्याच्या दोन गोळ्यांवर आहेत. नीट आठवा, त्यांना विचारा, शेजारच्यांना विचारा. आणि पडल्याचं आठवत नसलं तरी सात-आठ महिन्यांत एवढा फरक पडलाय म्हटल्यावर मेंदूविकार तज्ज्ञांना एकदा दाखवाच, स्कॅन लागेल की नाही ते ठरवतील.

ऐकू कमी येतंय का हेही बघा, कारण जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार. आणि मन उदास आहे का, झोपेत घोरून श्वास अडकतो का, तेही.

आता वनस्पतींकडे येते, कारण तुम्ही त्याचसाठी विचारलंय आणि हा विषय मला खरंच जवळचा आहे.

आधी नावाचा घोळ. "ब्राह्मी" म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक बाकोपा मोनिएरी, म्हणजे आपण जिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतो, ओलसर जागी पसरते, छोटी जाड मांसल पानं, पांढरी किंवा फिकट जांभळी फुलं. दुसरी सेंटेला एशियाटिका, मंडूकपर्णी, हिची पानं गोलसर, मूत्रपिंडासारखी, देठापाशी खाच असलेली. दोन्हींचे घटक वेगळे, मात्रा वेगळ्या, आणि अभ्यास तर फारच वेगळे. शंखपुष्पीचं त्याहून अवघड आहे, कुठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कुठे विष्णुक्रांता, कुठे चक्क गोकर्णाची वेल, तिन्ही त्याच नावानं जातात. म्हणून डबीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कोणता भाग वापरलाय हे लिहिलेलं नसेल तर ती डबी मी पेशंटला परत करायला सांगते.

पुरावा कुणाचा बरा आहे म्हणाल तर या सगळ्यांत नीरब्राह्मीचा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत हिच्यावर बरीच वर्षं काम झालं, त्यानंतर इतर देशांतही माणसांवर चाचण्या झाल्या, यात साधारण 300 मिलिग्रॅम प्रमाणित अर्क रोज, 12 आठवडे, अशी पद्धत दिसते. 2008 ची एक चाचणी 65 वर्षांवरच्या निरोगी लोकांवर होती, शब्दांची यादी ऐकवायची आणि थोड्या वेळानं किती आठवतात ते मोजायचं, त्यात ब्राह्मीवाल्यांना नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द आठवले. पुढे 2014 मध्ये अशा 9 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, सगळे मिळून 500 च्या आसपास माणसं, तेव्हा मुख्य फायदा लक्ष आणि विचारांचा वेग यात दिसला. म्हणजे काहीतरी आहे. पण दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. ही माणसं बहुतेक निरोगी होती, डिमेन्शियाचे (रोजचे व्यवहार बिघडण्याइतकी स्मृती-बुद्धी ढासळण्याचे) पेशंट नव्हते. आणि फरक लहान आहे, हळू येतो, दहा दिवसांत "डोकं उघडलं" असं कुणी सांगत असेल तर तो ब्राह्मीचा गुण नाही. तुम्ही जो व्हिडिओ पाहिलात, ब्राह्मीनं अल्झायमर बरा झाला म्हणणारा, तसा पुरावा नाही, अजिबात नाही. माझ्या स्वतःच्या पेशंटमध्येही मी तसं एकदाही पाहिलेलं नाही.

गिंकोचं तर उत्तर मिळालेलं आहे, त्यात मत देण्यासारखं फार उरलेलं नाही. अमेरिकेत 75 वर्षं आणि त्यावरच्या 3,069 लोकांना गिंको किंवा खोटी गोळी दिली, गिंको 120 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जवळपास 6 वर्षं पाठपुरावा केला, 2008 ला निकाल आला, डिमेन्शिया होण्याच्या प्रमाणात फरक नाही. आणि तुमच्या आईच्या बाबतीत मी गिंकोला सरळ नाही म्हणेन, कारण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना रक्तस्रावाची भीती वाढवणारी तिसरी गोष्ट कशाला घालायची.

शंखपुष्पी. चरकांनी जी चार मेध्य रसायनं (बुद्धी-स्मरणासाठीची औषधं) सांगितली त्यात ही आहे, मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी, आणि शंखपुष्पीला त्यांनी विशेष मान दिलाय. मला या परंपरेबद्दल आदर आहे, पण माणसांवरच्या चाचण्या हिच्या बाबतीत कमी आहेत. एक गोष्ट मात्र पक्की नोंदलेली आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंखपुष्पी असलेलं एक आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या दोन फिटच्या पेशंटच्या रक्तातलं फेनिटॉइन (फिट थांबवणारं औषध) कमी झालं आणि फिट्स परत यायला लागल्या, मग उंदरांवर तपासलं तर तिथेही फेनिटॉइनचं प्रमाण घटलं. तुमच्या आईला फिटचा त्रास नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या कुणाच्या घरी असेल, म्हणून लिहिलं.

आणि त्या चारांपैकी बाकीचीही डोळे झाकून देता येत नाहीत. यष्टिमधु म्हणजे ज्येष्ठमध, ते रोज चमचा-चमचा घेतलं तर अंगात मीठ-पाणी धरतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, त्यामुळे बीपीच्या माणसाला मी देतच नाही. गुडूची म्हणजे गुळवेल, तिच्यामुळे काही लोकांच्या लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत आल्यात, खासकरून ज्यांना आधीच स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं होणारे आजार होते त्यांच्यात. ग्रंथातलं रसायन हे पोट, वय, बळ, ऋतू बघून, आधी शोधन (शरीरशुद्धी) करून, वैद्याच्या नजरेखाली द्यायचं होतं, इतक्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला डबीतून द्यायचं नव्हतं. मी हे रागानं नाही, काळजीनं सांगतेय.

लोकांना वाटतं वनस्पती म्हणजे सौम्य, झाला तर फायदा, तोटा काहीच नाही. मेंदूवर खरोखर काम करणाऱ्या वनस्पती किती जोरदार असतात ते बघा. खाजकुहिलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा असतं, पार्किन्सनच्या गोळीत असतं तेच, ते त्या बियांतून 1937 मध्येच वेगळं काढलेलं आहे. सर्पगंधेतून 1952 ला रेझर्पिन मिळालं, बीपीवर आणि तीव्र मानसिक आजारावर ते वापरलं गेलं आणि काही पेशंट त्यानं इतके खिन्न झाले की पुढे त्याचा वापरच घटला. स्नोड्रॉप नावाच्या कंदाच्या फुलझाडात जे गॅलॅंटामिन आहे ते 2001 पासून अमेरिकेत अल्झायमरचं मान्यताप्राप्त औषध आहे, लक्षणं काही काळ सावरतं, आजार थांबवत नाही. आणि अल्झायमरच्याच रिव्हास्टिग्मिनचं मूळ शोधत गेलात तर आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेच्या बीपाशी पोचता. या सगळ्यात उपयोग झाला तो नेमका घटक, नेमकी मात्रा आणि नेमका पेशंट ठरल्यावर. म्हणून वनस्पतीत दम आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि त्याचमुळे मी ती अशी सहज देत नाही.

वेखंडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण बुद्धीसाठी म्हणून ते दिलं जातं. आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन बऱ्याच प्रमाणात असू शकतं, प्राण्यांमध्ये त्यानं गाठी झाल्यात, अमेरिकेत 1968 पासून ते खाद्यपदार्थात वापरायला बंदी आहे. पोटात रोज घ्यायची ही वस्तू नाही.

तर मग आईला काय. तपासण्या झाल्या, बी12 किंवा थायरॉइड जे सापडलं ते भरून काढलं, खाजेची गोळी बदलली, मेंदूविकार तज्ज्ञांनी पाहिलं, आणि तरीही थोडं विसरणं उरलं, त्यांनाही हरकत नसेल, तर मी नीरब्राह्मी सुरू करण्याचा विचार करेन. एकच वनस्पती. जेवणानंतर, कारण रिकाम्या पोटी हिनं मळमळ होते, पोटात कळ येते, दिवसात जास्त वेळा शौचाला जावं लागतं, चाचण्यांमध्येही हेच त्रास सगळ्यात जास्त दिसलेत. चूर्ण असेल तर दिवसाला 1 ते 3 ग्रॅमची मात्रा आयुर्वेदिक औषधकोशात दिलीये, मी ज्येष्ठांना खालच्या टोकापासून सुरू करते. एक अडचण मात्र आहे. मेटोप्रोलॉलनं नाडी मुळात मंद होते, आणि ॲसिटिलकोलिन वाढवणाऱ्या गोष्टींनीही ती मंद होऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी आठवडाभर आणि नंतर महिनाभर नाडीचे ठोके लिहून ठेवायला सांगेन, 55 च्या खाली यायला लागले किंवा चक्कर आली तर बंद. आणि 12 आठवड्यांनी थांबून बघायचं, फरक पडलाय का. नसेल पडला तर सवय म्हणून चालू ठेवायचं नाही.

"स्मृतिवर्धक" म्हणून ज्या बारा-पंधरा वनस्पतींच्या मिश्र कॅप्सूल मिळतात त्या मी पेशंटला देत नाही. 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये 12 वनस्पती म्हणजे प्रत्येकी सरासरी 40 मिलिग्रॅम, एवढ्यानं काय होणार, आणि त्रास झाला तर कुणामुळे झाला हेही कळत नाही. त्यात भस्मं (धातू-खनिजं जाळून केलेली पूड) किंवा पारा-गंधकाचे कल्प असतील तर या वयात नकोच. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, अमेरिकेत बनलेल्यांत आणि भारतात बनलेल्यांत जवळपास सारखंच. शिसं मेंदूचं नुकसान करतं, आणि आपण मेंदूसाठीच औषध शोधतोय. जड धातूंची बॅचनिहाय तपासणी दाखवू शकत असतील त्यांच्याकडूनच घ्या.

इथवरचं एकदा जोडून सांगते: आईला आत्ता लगेच कोणतीही वनस्पती नको, आधी रक्त, गोळ्यांची फेरतपासणी, पडल्याची चौकशी आणि तज्ज्ञ; गिंको नाहीच; नंतर जागा उरली तर फक्त नीरब्राह्मी, नाडीवर लक्ष ठेवून.

आता तुमचं. 41 व्या वर्षी लक्ष लागत नाही याची कारणं बहुतेक वेळा झोप, ताण आणि मनात सतत आईची काळजी ही असतात, आणि तुमच्या लिहिण्यातून तिन्ही दिसतात. अश्वगंधेचा अभ्यास मुख्यतः ताण आणि झोपेवर आहे, काही आठवड्यांच्या छोट्या चाचण्यांत दोन्हींत थोडी सुधारणा दिसलीये, स्मरणावर पुरावा तुटपुंजा आहे. झोपच बिघडली असेल तर मी सहा-आठ आठवडे देते, मग थांबवते. पण थायरॉइडचा त्रास असेल, थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल, गर्भारपण असेल, लिव्हरचा आजार असेल तर देत नाही. आणि घेताना भूक मेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे वाटले तर त्याच दिवशी बंद करून लिव्हरची तपासणी करायची, कारण अश्वगंधेनं कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत, संख्येनं कमी पण खऱ्या.

आणि पुढे डिमेन्शिया होऊ नये म्हणून विचाराल तर आज कोणतीही वनस्पती तसं वचन देऊ शकत नाही. ज्या गोष्टींचा हिशोब मांडला गेलाय त्या वेगळ्याच आहेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये 14 कारणं सांगितली, त्यांवर वेळेत काम झालं तर जगभरातल्या सुमारे 45 टक्के डिमेन्शियाला टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कमी ऐकू येणं आणि मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल ("वाईट" म्हणतात ते) कोलेस्टेरॉल या दोघांचा निघाला. बाकी बीपी, शुगर, तंबाखू, बैठं आयुष्य, एकटेपणा, डोक्याला मार, नैराश्य, असं सगळं. तुमच्या आईच्या घराण्यात हृदय आणि शुगर दोन्ही दिसतंय, म्हणून ब्राह्मी विकत घेण्याआधी स्वतःचं एलडीएल आणि बीपी मोजून घ्या, ते हातात असलेलं काम आहे.

एवढ्यात एक वही करा. आई काय विसरली, कधी, त्या दिवशी कोणती गोळी घेतली, झोप कशी होती, एवढंच रोज दोन ओळी. तज्ज्ञांना तुमच्या आठवणीपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल. गॅसला आपोआप बंद होणारी सोय बसवा. मात्र दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ वाढला, बोलणं अडखळलं, हात-पाय एका बाजूला लुळा वाटला, किंवा डोकं खूप दुखून उलटी झाली, तर वही-तपासण्या सगळं बाजूला ठेवून तातडीनं हॉस्पिटलला न्या. नाहीतर रिपोर्ट आले की बी12 आणि टीएसएचचे आकडे इथेच लिहा, सोबत आईच्या नाडीचे आठवडाभराचे ठोके, मग ब्राह्मी द्यायची का आणि किती हे आपण बघू.